घराजवळची धाव



२०११ मध्ये वसई-विरार महापौर मॅरेथॉन सुरू झाली. पहाटे रस्त्यावर धावणारे लोक आता आपल्या वसईत कुणाला नवे वाटत नाहीत. त्यांतले काही जण मात्र लांब जात नाहीत. गुडघा दुखतो म्हणून ते घराभोवतीच फेऱ्या मारतात. सध्या मीही त्यांतलाच. चर्चच्या आवाराला फेऱ्या घालतो. "फादर, घाण्याच्या बैलासारखे काय फिरता?" असे कुणीतरी गमतीने विचारते. त्या गमतीमागे एक खरा प्रश्न आहे. दुखणे सोसून पुढे जाणे हा सद्गुण, की वेळीच थांबणे हा सद्गुण?

आधी गुडघ्याचे ऐकू या. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून कूर्चेला पोषण मिळते आणि हालचालीमुळे दाब पडतो व सुटतो, तेव्हा तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. म्हणून पूर्ण विश्रांती हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नव्हे. मात्र सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा पायावर भार पेलवेना, तर धावणे थांबवून डॉक्टरांकडेच जावे. या दोन टोकांमधली वाट ज्याची त्याने शोधायची असते.

सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो, असे ॲरिस्टॉटलने शिकवले. त्यासाठी त्याने मिलो या नामांकित मल्लाचे उदाहरण दिले. मिलोला जो आहार अपुरा, तोच नवशिक्याला जास्त. म्हणजे हा मध्य सर्वांना सारखा नसतो. शेजाऱ्याचे दहा किलोमीटर हे माझे माप नव्हे. माझे पूर्वीचे दहा किलोमीटर हेही माझे आजचे माप नव्हे.

मग घराजवळ धावणे सोपे आहे का? लांबच्या रस्त्यावर पाच किलोमीटर गेल्यावर परत यावेच लागते. तिथे अंतरच आपल्या वतीने ठरवते. घराजवळ प्रत्येक फेरीला दार समोर येते आणि पुन्हा नव्याने ठरवावे लागते. त्या दाराशी आळस म्हणतो, "फार दुखतंय." अहंकार म्हणतो, "काहीच दुखत नाही." दोघांनाही बाजूला सारून गुडघा खरोखर काय सांगतो ते ऐकणे, हा स्वतःशी खरे बोलण्याचा अभ्यास आहे.

कुणी म्हणेल, "फादर, आपण तर वेदना देवाला अर्पण करायला शिकलो." खरे आहे. पण कशासाठी सोसायचे, हा प्रश्न उरतोच. संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला. हाड नीट जुळले नाही. गुडघ्याखाली ते वर आलेले दिसू लागले. पाय सुबक दिसावा म्हणून त्यांनी ते कापून घेतले, तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. धैर्य अफाट होते, पण ते दिखाव्यासाठी खर्ची पडले. पुढे आत्मकथनात त्यांनी स्वतःच हे मोकळेपणाने सांगितले.

बावखलात पडलेल्या मुलाला वाचवायला धावताना कुणी गुडघ्याचा विचार करू नये. तिथे सोसणे हे प्रेम आहे. मित्रांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून सोसणे हा हट्ट आहे. त्या हट्टाची किंमत बहुधा घरची माणसे मोजतात. जिना चढताना उद्या हात त्यांनाच धरावा लागतो.

हा प्रश्न धावणाऱ्यांपुरता नाही. मिस्साच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून कितीतरी आजी-आजोबा संकोचून बाकावर बसून राहतात. त्यांनी ओशाळण्याचे कारण नाही. आणि आपल्या शेजारी असे कुणी बसले असेल, तर आपण वळून पाहू नये. त्यांचे माप त्यांना ठाऊक आहे.

आपला,
धर्मगुरू