शिक्षेचा शेवट

शिक्षा भोगून झाली म्हणजे मनुष्य ऋणमुक्त होतो कीं नाहीं? वादाला हा विषय छान आहे. परंतु विसाव्या वर्षीं दुकानांतील एखादी वस्तु चोरून दंड भरलेला लंडनचा गृहस्थ पन्नाशींत नातीस पाहण्यासाठीं न्यूयॉर्कला जाऊं म्हणतो, तेव्हां तोच प्रश्न अर्जाच्या एका ओळींत येऊन बसतो. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यानें त्याचा अपराध केव्हांच ‘सरलेला’ आहे. अमेरिकेचा व्हिसा-अर्ज मात्र विचारतो: आपणांस कधींहि अटक वा शिक्षा झाली आहे काय, मग माफी मिळालेली असो वा नसो? ब्रिटनचें तें विस्मरण अमेरिकेची वकिलात मानीत नाहीं.

यजमानानें पाहुण्याची चौकशी करूं नये, असें कोण म्हणेल? कॅनडाहि ती करतो. पण किरकोळ अपराध एकच असल्यास शिक्षा संपून दहा वर्षें लोटलीं कीं मनुष्य सुधारला, असें तेथें बहुधा गृहीत धरतात. मला हें न्यायाच्या अधिक जवळचें वाटतें. ‘कधींहि’ या शब्दाला मुदतच नाहीं!

अमेरिकेंत चोरी ‘नैतिक अधःपाता’त मोडते. खास सवलत मागतां येते, पण ती मिळेपर्यंत थांबावें लागतें. ‘नाहीं’ लिहिण्याचा मोह होतो तो येथें. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचें ठरलें तर जन्मभर मज्जाव होऊं शकतो. म्हणजे त्या चोरीला झाली नाहीं एवढी शिक्षा या एका शब्दाला! आमचा गृहस्थ ‘होय’ लिहितो आणि पोलिसांचा दाखला मागवावयास लागतो.