कमी जोखमीचा शिक्का

"ऑडिटला सॉफ्टवेअर बोलत नाही, फाइल बोलते," औषध कंपनीत क्वालिटी सांभाळणारे एक स्नेही परवा म्हणाले. वाक्य टाळीचं होतं, पण तेव्हापासून टोचतंय.

व्हॅलिडेशन, म्हणजे सॉफ्टवेअर ठरलेलं काम नीट करतं हे पुराव्यानिशी दाखवणं, कशासाठी, हे सांगायला नको. पण बॅच पास-नापास ठरवणारं गणित आणि प्रशिक्षणाच्या नोंदींचा तक्ता, दोन्हींना सारखेच कागद का? लॉगिनच्या पडद्याचासुद्धा स्क्रीनशॉट, त्यावर सही, तारीख आणि तपासणाऱ्याची आणखी एक सही. यातून पुरावा साठतो, खात्री वाढतेच असं नाही. स्नेह्यांशी माझं भांडण आहे ते एवढंच.

अमेरिकेच्या एफडीएनेही वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांसाठी 2022 मध्ये याच दिशेच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला. बिघाडाने रुग्णाला इजा होऊ शकेल तिथे पायरीपायरीने, कसून तपासा. बाकी ठिकाणी जाणकाराने मोकळेपणी वापरून पाहावं आणि नोंद थोडक्यात ठेवावी.

मोकळेपणी वापरून काय सापडतं, ते थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने दाखवलंय. 1985 ते 1987 या काळात त्याने सहा रुग्णांना अतोनात मात्रा दिली, त्यांतले काही दगावले. उत्पादकाला दोष सापडेना. अखेर टेक्ससमधल्या टायलरच्या रुग्णालयात ऑपरेटर बाई आणि तिथले भौतिकतज्ज्ञ यांनी तो पकडला. चुकून टाकलेला 'एक्स' (एक्स-रे) खोडून 'ई' (इलेक्ट्रॉन) करायचा आणि 8 सेकंदांच्या आत पुढे जायचं, की पडद्यावर 'मालफंक्शन 54' हा बिघाडाचा संदेश. सावकाश टाइप केलं तर काहीच होत नसे. सरावलेल्या बोटांचा हा वेग लिहून ठेवलेल्या चाचणीला कुठून सुचणार?

इथे मी जिंकलो असं वाटलं होतं. पण याच यंत्राचं सुरक्षा-विश्लेषण 1983 मध्ये रीतसर झालं होतं, आणि त्यात सॉफ्टवेअरचे दोष हिशेबातच धरले नव्हते. आधीच्या थेरॅक-20 मध्ये स्वतंत्र यांत्रिक अटकाव होते. थेरॅक-25 मध्ये भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. म्हणजे घात झाला तो जोखमीच्या हिशेबातच. 'कमी जोखीम' हाही एक दावाच आहे, आणि तो सर्वांत कमी तपासला जातो. एकदा तो शिक्का बसला की पुढची सगळी ढिलाई नियमात बसते. तेव्हा स्नेह्यांचं म्हणणं मला अर्धं मान्य करावं लागतं. एक कागद तरी हवाच: जोखीम कमी कशी ठरली, कोणी ठरवली.

स्क्रीनशॉट खुशाल कमी करा. पण तो शिक्का मारण्याआधी सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्याला विचारा, आणि त्याचं उत्तर फाइलीत लावा.