सॉनिकचा खरा वेग कोणता?

१९७५ च्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहामार्गे रायपूर परिसरातल्या खेड्यांत टीव्ही पोहोचला. १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण आले ते ‘पाल’ पद्धतीचे: चित्रात ६२५ रेषा, आणि पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो. जपानी गेम कन्सोल मात्र ‘एनटीएससी’ पद्धतीचे: ५२५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. जुन्या पाल टीव्हीवर त्याचे चित्र बहुधा कृष्णधवल दिसते किंवा सरकत राहते.

१९९१ चा ‘सॉनिक द हेजहॉग’ हा गेम पडद्याच्या या तालावरच चालतो, म्हणून पाल कन्सोलवर तो सुमारे सहाव्या हिश्शाने मंद धावतो, संगीतही रेंगाळते. मग खरा सॉनिक कोणता?

इथे जैन दर्शन मदतीला येते: त्यात द्रव्य (मूळ वस्तू) टिकते, पर्याय (तिच्या अवस्था) बदलतात. कार्ट्रिजमधली आज्ञावली तीच. वेग हा पर्याय. मात्र गेमचे संगीतकार मासातो नाकामुरा यांची चाल ६० च्या वेगाला बांधलेली, म्हणून तो वेग अधिक मूळचा. तरीही सत्याला अनेक बाजू असतात असे सांगणारा जैनांचा अनेकान्तवाद ५० वर खेळलेल्या युरोपीय मुलांचा अनुभव खोटा ठरवू देत नाही.