पोरगी 'बिघडली', पोरगा 'वाया गेला'

दोन्ही घरची माणसं आलात, बरं झालं. बसा. माझं होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही.

आधी मुलीचे वडील. मागावर एक धागा तुटला तर यंत्र थांबवता ना? गड्डा यात्रेच्या दिवसांत तुमची लेक आठवडाभर धड झोपली नाही. नंदीध्वजांची मिरवणूक कधीच होऊन गेली, तरी ही पहाटे तीनला उठून गल्लीच्या तोंडापर्यंत रांगोळ्या काढत होती. माझ्या वर्गात एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. तुम्हाला काय दिसलं? परक्या पोरांशी हसून बोलली, एवढंच. 'चाल बिघडली' म्हणून कोंडलंत. फेब्रुवारीत बाकावर डोकं टेकून गप्प पडली, तर म्हणालात, 'आता आली सरळ!' अहो, डब्यातली कडक भाकरी तशीच घरी जात होती.

आणि मुलाच्या आई, हजार विड्या वळता, फाटकं पान बोटाला कळतं तुमच्या. पोराचे डोळे नाही कळले? मामाची गाडी घेऊन रात्र-रात्र होटगी रोडवर फिरला, नडेल त्याला मारत सुटला, तेव्हा 'पोराची जात' म्हणालात. पुढं तोच कोपऱ्यात रडत बसला, तर बापानं पट्टा काढला. पोरगा असून रडतो म्हणून! मीही त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलंय. ती चूक माझी.

आजाराचं नाव डॉक्टर सांगतील. वयात येताना मन वर-खाली होतंच. पण झोप कमी, तरी थकवा नाही, असं आठवडाभर चाललं आणि मग पोर पार ढासळलं, तर ती मस्ती नव्हे. बायपोलर असू शकतं, कधी उन्माद, कधी उदासी. त्यातला तीव्र उन्मादाचा प्रकार मुलगा-मुलगी बघत नाही, दोघांना जवळपास सारखाच होतो. बघता ते तुम्ही. मुलींत उदासीची बाजू जास्त दिसते. मग नुसतं नैराश्य समजून त्याचीच गोळी दिली, तर उन्माद उसळू शकतो. म्हणून डॉक्टरांना रडणं सांगाल तशी रांगोळीही सांगा.

आणि मुलीसाठी अक्कलकोटकडचं स्थळ बघताय म्हणे? 'लग्न झालं की सुधारेल'? पोर पंधराची आहे, कायदा अठराचा. आणि या आजारात बाळंतपणानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे. त्यावरची व्हॅल्प्रोएटसारखी गोळी तर पोटातल्या बाळाला अपाय करते, म्हणून मुलींना ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. तुम्ही एकदाही केला नाहीत.

उद्या सकाळी दोघांनाही सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात न्यायचं. कोण किती वाजता झोपलं, कधी उठलं, ते आजपासून वहीत लिहायचं. रात्री-अपरात्री घाबरलात, कुणी जिवाचं बरंवाईट बोललं, तर १४४१६ फिरवा. टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलाला बापानंच न्यायचं. पट्टा घरी ठेवून.