समोरचा गडी

पाठ : १ करिंथ १२:१४-२७



जालना जिल्ह्यांतील आपल्या मुलांस क्रिकेटच्या धांवा तोंडपाठ असतात. त्यांस विजय हजारे यांची हकीकत अवश्य सांगावी. त्यांचा जन्म १९१५ सालीं सांगलीस एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं झाला. पुढें ते भारताचे कप्तान झाले, आणि १९५२ सालीं मद्रास येथें भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच हाताखालीं.

परंतु आज विचार करूं तो १९४३ सालच्या मुंबईंतील पंचरंगी सामन्यांच्या अंतिम खेळाचा. तेव्हां संघ धर्मावरून पाडीत. ती रीत १९४६ नंतर बंद पडली, हें बरेंच झालें. हजारे 'इतर' संघांत होते. दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं ३०९ त्यांच्या एकट्याच्या! एकट्याच्या म्हणतों खरें, पण समोर त्यांचे बंधु विवेक उभे होते. दोघांनीं मिळून ३०० धांवांची भर घातली. तींत विवेकांच्या केवळ २१. समोरचे सर्व गडी बाद झाले, म्हणजे उरलेला कितीहि थोर असो, त्याचा खेळ संपतो. विवेकांनीं चेंडू अडविले, म्हणून विजय खेळूं शकले.

आणि तरीहि संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला. मग विवेकांचें उभें राहणें व्यर्थ गेलें काय? जो प्रचारक वर्षानुवर्षें तीन गांवें पायीं फिरतो, आणि ज्याच्या अहवालांत लिहिण्याजोगा आंकडा नसतो, त्यानें हा प्रश्न स्वतःस विचारला असेल. दुर्बळ दिसणारे अवयवच आवश्यक आहेत, असें पौल त्यास सांगतो.

तुमच्या मंडळींत असा कोण आहे? येत्या प्रभुवारीं त्याचें नांव घेऊन प्रार्थना करा.