कार्यावरून कारणाकडे: प्रतिपिंडे आणि शेषवत् अनुमान

घडून गेलेल्या आणि कोणीही न पाहिलेल्या घटनेचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते, हा न्यायदर्शनातील प्रश्न विषाणूंचा माग काढणाऱ्या शास्त्रालाही टाळता येत नाही. 1947 साली युगांडातील झिका नावाच्या अरण्यात निरीक्षणासाठी ठेवलेल्या माकडाच्या रक्तात जो विषाणू सापडला, तो डासांमार्फत पसरतो आणि बहुतेकांना जाणवण्याजोगा आजारही देत नाही. म्हणून तो कोठवर पोचला हे रुग्ण मोजून कळत नाही. ते कळते प्रतिपिंडांवरून, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करण्यासाठी शरीराने घडवलेल्या आणि पुढे दीर्घकाळ रक्तात टिकणाऱ्या प्रथिनांवरून. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील 196 जणांचा रक्तरस, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, तपासला गेला आणि त्यांतील 33 नमुन्यांनी झिका विषाणूला निष्प्रभ केले.

कार्यावरून कारण जाणण्याच्या या रीतीला न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन ‘शेषवत्’ अनुमान म्हणतो; नदीचा पूर पाहून वर कोठेतरी पाऊस झाल्याचे ओळखणे हे त्याचे उदाहरण. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप नोंदवलेला आहे, की पाणी अडवले तरी नदी भरते. त्याचे जे समाधान परंपरेने दिले ते आजही अचूक वाटते: पुराला वेग असतो, फेस असतो, वाहून आलेली पाने-लाकडे असतात, आणि हे न पाहता नुसत्या भरलेपणावर विसंबणाऱ्याची चूक अनुमानाच्या माथी मारता येत नाही.

झिकाच्या बाबतीत हे अडवलेले पाणी म्हणजे डेंग्यू. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने डेंग्यूची प्रतिपिंडे झिकालाही चिकटतात आणि हेतू, म्हणजे अनुमानाला आधार असलेली खूण, ‘सव्यभिचार’ होतो, म्हणजे जे सिद्ध करायचे ते साध्य नसेल तेथेही आढळतो. म्हणून प्रयोगशाळेत तोच रक्तरस उत्तरोत्तर पातळ करून दोन्ही विषाणूंपुढे ठेवतात आणि अधिक पातळ अवस्थेतही तो कोणाला रोखतो हे पाहतात. मात्र आधी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसात हा भेदही पुसट होतो.

2017 साली अहमदाबादेतील आणि 2021 साली पुणे जिल्ह्यातील बेलसर येथील झिकाचे रुग्ण जाहीर झाल्यावर, झिका भारतात पोचला होता हे 1954 चे अनुमान खरे ठरले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. बौद्ध तार्किक धर्मोत्तराने दाखवले आहे, की कीटकांचा थवा धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान केले आणि अग्नी तेथे खरोखर असला, तरी त्याला ज्ञान म्हणता येत नाही. त्या 33 जणांच्या रक्तातील खूण झिकाची होती की डेंग्यूची, हे सहा दशकांनंतरच्या रुग्णांवरून ठरत नाही. ते ठरले असते फक्त त्याच रक्तरसाच्या अधिक काटेकोर परीक्षेने.