स्वभाव कुत्र्याचा, कोंबडी आमची

नीतिशास्त्र कळावं म्हणून माणसाने तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचावीत की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण त्याने चार कोंबड्या पाळाव्यात आणि त्याच्या शेजाऱ्याने दोन कुत्रे पाळावेत, याबद्दल मतभेद होण्याचं कारण नाही. महिन्याभरात अपराध म्हणजे काय, जबाबदारी कुणाची, न्याय मोठा की शेजारधर्म मोठा, हे सगळे प्रश्न घरपोच येतात. उत्तरं येत नाहीत. पण ती पुस्तकांत तरी कुठे असतात?

मुंबईची नोकरी संपवून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी राहायला आलो, तेव्हा परसदारी कोंबड्या असाव्यात ही कल्पना आमच्या हिची. माझी कल्पनाशक्ती आरामखुर्चीपाशी थांबली होती. पाच गावठी तलंगा आणि एक कोंबडा आला. हिने सगळ्यांना नावं ठेवली. बारशाला ठेवतात तसली, शेजारपाजारच्यांना ठेवतात तसली नव्हेत. कोंबडी हा प्राणी वाटतो तितका मूर्ख नाही. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की ती पाचोळा उकरायला कामावर रुजू होते आणि दिवेलागणीला, अंधारात आपल्याला दिसत नाही हे ओळखून, कुणी न बोलावता घरी परतते. आपल्याला काय दिसत नाही हे इतकं नेमकं ओळखणारा एकही साहेब मला नोकरीत भेटला नाही.

शेजाऱ्यांच्या कुत्र्यांची नावं टायगर आणि राजा. दोघांना साखळी माहीत नाही. शेजारी मात्र सज्जन. गणपतीत आमच्याकडे भजनाला येणारे, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिली गाडी काढणारे. माणूस वाईट असता तर हा लेख फार सोपा झाला असता.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला टायगर आणि राजा आमच्या वईखालून आत आले. दोन कोंबड्या गेल्या. एक त्यांनी नेली, दुसरी मारून तिथेच टाकली. बाकीच्या पेरूवर चढल्या आणि कोंबडा त्यांच्याही वर. टाकलेली कोंबडी म्हणजे हिची बयो. ती खुडूक बसली होती. तिच्या पोटाखालची अकरा अंडी संध्याकाळपर्यंत गार झाली. हिने एकेक अंडं हातात धरून पाहिलं आणि काही बोलली नाही. आमच्याकडे बोलणं बंद होतं तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

शेजारी लगेच आले. मनापासून वाईट वाटल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "भाऊ, काय करणार? कुत्रंच ते! त्याचा स्वभावच तो. तुम्ही सांगा किती द्यायचे, मी देतो." आत स्वयंपाकघरात एक पातेलं आपटलं. आमच्या घरात हा निषेधाचा ठराव समजतात.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसलो आणि त्या एका वाक्यावर विचार करू लागलो. 'त्याचा स्वभावच तो.' वाक्य खरंच आहे. कुत्र्याची आणि माणसाची ओळख निदान चौदा हजार वर्षांची. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेलला माणसांच्या शेजारी पुरलेला तेवढा जुना कुत्रा सापडला आहे. कोंबडी त्या मानाने अगदी अलीकडची. थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी पाळीव कोंबडीची जी जुनी हाडं मिळाली, ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. भातशेती सुरू झाली, दाणे दिसले आणि रानकोंबडी हळूहळू अंगणात आली, असं संशोधक म्हणतात. म्हणजे सीनियॉरिटीत कुत्रा कितीतरी वर. आणि एवढ्या सगळ्या वर्षांत त्याला आपण शिकवलं काय? तर दबा धर, पाठलाग कर, पकड. पकडल्यावर खायचं ही त्याची निराळीच पायरी आहे. ती पुष्कळदा येतच नाही. समोर काही फडफडलं की तो धावतो. म्हणून एक नेली आणि एक टाकली. त्यात दुष्टपणा नाही. क्रूर व्हायला समोरच्याचं दुःख कळावं लागतं आणि ती सोय फक्त आपल्यात आहे.

वरच्या आळीतल्या एका अनुभवी गृहस्थांना हे मान्य नव्हतं. ते संध्याकाळी मुद्दाम आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मटणाच्या तुकड्यातून द्या. सकाळी बोंब नाही." आमच्याकडे अशा सल्ल्याला 'व्यवहार' म्हणतात. त्या व्यवहाराला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३२५ वं कलम आहे आणि पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. जुन्या दंडसंहितेच्या ४२८ व्या कलमात प्राण्याची किंमत दहा रुपयांच्या वर असावी लागे. आता किंमतीचा प्रश्नच काढून टाकला आहे, हे मला बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर मला कलम आठवलं ते मागाहून. आधी आठवली सरमा.

महाभारताचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतात. पण महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, दुसरं एक कुत्रं आहे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. जनमेजयाचा यज्ञ चालला होता. एक पिल्लू तिथे आलं आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला बदडलं. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे गेलं. आईने विचारलं, तू काय केलंस? ते म्हणालं, मी हवीकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. तेव्हा सरमा यज्ञात गेली आणि तिने राजाला तेवढंच विचारलं, माझ्या मुलाने काही केलं नव्हतं, मग त्याला का मारलं? कुणाजवळ उत्तर नव्हतं. तिने शाप दिला. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या उंबरठ्यावर कुत्रीची फिर्याद! आमच्या टायगरने हवी चाटला होता हे कबूल. पण त्याला तो हवी आहे हे कुणी सांगितलं होतं? विषाचा तुकडा टाकला असता तर सरमेला उत्तर मला द्यावं लागलं असतं, वरच्या आळीला नव्हे.

आता आणखी एक कुत्रं नामदेव महाराजांचं. त्याने भाकरी पळवली म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मी पोचलेला नाही. टायगरने कोंबडी नेली म्हणून खोबऱ्याच्या वाटपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणं मला जमलं नसतं. संतांनी आपल्याला पुष्कळ दिलं, पण शेजाऱ्याचं काय करायचं हे तुपावर सोडलं.

तेव्हा कुत्रा सुटला. राहिला मालक. आणि इथे ते वाक्य उलटं फिरतं. 'त्याचा स्वभावच तो' हा कुत्र्याचा बचाव आहे, पण मालकाचा कबुलीजबाब आहे. स्वभाव माहीत आहे म्हणता ना? मग माहीत असून मोकळा का सोडलात? ही अक्कल माझी नव्हे, फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराला बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने कायदे कोरून ठेवले. त्यात आहे की रस्त्याने जाणाऱ्या बैलाने कुणाला भोसकून मारलं तर दावा चालणार नाही. पण बैल मारका आहे असं मालकाला आधी बजावलं असेल आणि त्याने शिंगांचा बंदोबस्त केला नसेल, बैल बांधला नसेल, तर मालकाने चांदी मोजायची. पहिली खोडी बैलाची, दुसरी मालकाची. पावणेचार हजार वर्षांत यात फारशी सुधारणा करण्याजोगं काही कुणाला सापडलेलं नाही.

आपल्याकडे काय आहे ते मी पाहिलं. न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात जनावर नीट न सांभाळणाऱ्याला शिक्षा आहे, पण ती माणसाच्या जिवाला धोका असेल तर. कोंबडीचा जीव त्यात बसत नाही. कोंडवाड्याचा १८७१ सालचा कायदा आहे. त्यातली जनावरांची यादी वाचण्यासारखी आहे: हत्ती आहे, उंट आहे, खेचर आहे, गाढव आहे, डुक्कर आहे. कुत्रा नाही. कोंबडीही नाही. म्हणजे उद्या शेजाऱ्यांचा हत्ती वाट चुकून आमच्या पिकात शिरला तर इंग्रज सरकारने माझी सोय करून ठेवली आहे. इंग्रजांनी स्वतःच्या घरी मात्र १९७१ साली कायदा केला, की कुत्र्याने दुसऱ्याची कोंबडी मारली तर पाळणाऱ्याने भरपाई द्यायची. त्यातही एक मेख आहे. कोंबडी भटकत कुत्र्याच्याच अंगणात गेली आणि तिथे मेली, तर भरपाई नाही. हे वाचून मी गंभीर झालो. कारण आमचा कोंबडा रोज सकाळी शेजाऱ्यांच्या गडग्यावर उभा राहून आरवतो. गडगा कुणाच्या मालकीचा हा प्रश्न आमच्या आजोबांच्या वेळेपासून पडून आहे, तो उकरायचं काम मी कोंबड्यावर सोपवू इच्छित नाही.

म्हणजे सगळं घोडं कुंपणापाशी अडतं. मनुस्मृतीतलं पुष्कळसं मला पटत नाही. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहात तिचं दहन झालं ते का, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. पण जनावरांचे मालक आणि गुराखी यांच्या भांडणांवर तिच्यात एक प्रकरण आहे, आणि शेताला कुंपण कसं असावं हे त्यात सांगितलं आहे: इतकं उंच, की उंटाला पलीकडचं दिसू नये, आणि कुत्र्याचं किंवा डुकराचं तोंड शिरेल असं एकही भोक उरू नये. ज्याने हे लिहिलं त्याचीही काहीतरी कोंबडीएवढी ठेव गेली असली पाहिजे. त्याशिवाय भोकाबद्दल इतका जिव्हाळा सुचत नाही.

इथपर्यंत विचार झाला तेव्हा जेवायची वेळ झाली. आणि जेवताना हिने एक प्रश्न विचारला. "बयो कुत्र्याने मारली म्हणून आपल्याला एवढं लागलं. त्यातला कोंबडा आपण शिमग्याला कापणारच होतो ना?"

हा प्रश्न कुठल्याही संहितेत नाही. आम्ही मांसाहारी माणसं. रविवारी वडे-सागोती झाली की मी दुपारी झोपतो आणि मला स्वप्नंही चांगली पडतात. मग माझं दुःख कोंबडी मेल्याचं आहे, की माझ्याऐवजी दुसऱ्याने मारल्याचं? मी दोन दिवस स्वतःला विचारून पाहिलं. मालमत्ता गेल्याचा राग त्यात आहे, नाही म्हणत नाही. पण तेवढाच असता तर पैसे घेऊन तो शमला असता. ज्याला आपण रोज दाणे टाकतो, नावाने हाक मारतो, संध्याकाळी मोजून आत घेतो, त्याला आपण न बोलता एक शब्द दिलेला असतो: तू माझ्या अंगणात आहेस तोवर घाबरू नकोस. शेवटी आपण त्याला खाल्लं तरी मधले दिवस त्या शब्दावर गेलेले असतात. बयो पळाली नाही, कारण अंड्यांवर बसली होती. आणि अंड्यांवर बसली, कारण जागा सुरक्षित वाटली. तो शब्द मोडला. शेजाऱ्यांनी देऊ केलेले पैसे कोंबडीचे होते. शब्दाचे किती लावायचे?

कापणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही असं कुणी म्हणेल. म्हणू द्यावं. सगळ्या जिवांवर दया करता येत नाही म्हणून दारातल्या पाच जिवांवरही करू नये, हा हिशेब मला तरी कधी जुळला नाही.

पुढचं काम सुताराचं आणि गवंड्याचं. बाजारात कोंबड्यांसाठी म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. त्याला जाड तारेची, जोडकाम केलेली जाळी लागते. शिवाय ती फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला आडवी पसरावी लागते, कारण कुत्रा उकरतो तो नेमका जाळीच्या बुडाशी. खुराड्याला नुसती खिटी नको, कडी हवी. हे सगळं आम्ही केलं. निम्मा खर्च शेजाऱ्यांनी न मागता दिला.

पण कोंबड्यांचे पैसे घ्यायला ही तयार होईना. शेजारी फार अवघडले. तेव्हा ही म्हणाली, "भावोजी, पैसे राहू देत. महिनाभर संध्याकाळी खुराड्याचं दार तुम्ही येऊन लावायचं. मोजून."

त्यांना ती थट्टा वाटली. पण माणूस सज्जन, रोज येऊ लागले. पहिले चार दिवस नुसतं मोजत. "तीन आणि कोंबडा, लावलं हो वहिनी." आठव्या दिवशी नावाने मोजू लागले. बाराव्या दिवशी संध्याकाळी दोनच भरल्या. मी म्हटलं, येईल, नाहीतर सकाळी बघू. शेजारी माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "सकाळी? भाऊ, काळोखात तिला दिसत नाही!" मग बॅटरी घेऊन अर्धा तास गोठा, विहीर, गवताची उडवी असं शोधत हिंडले. ती लाकडांच्या ढिगामागे खुडूक बसलेली सापडली, पोटाखाली सहा अंडी. अंड्यांसकट तिला डालग्यातून अलगद आणणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून टायगर आणि राजा साखळीला असतात. संध्याकाळी कडी लागल्यावर सुटतात. त्यांचा स्वभाव आहे तसाच आहे.